माळीमामांची आंबट बाटली

मला कुणी फुकट काही दिलं, की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. याला दोष म्हणा, गुण म्हणा. डोळ्यांच्या हॉस्पिटलचं स्टोअर मी एकोणीस वर्षं सांभाळतेय. चादरी, पट्ट्या, डोळ्यांत घालायचे थेंब, साबण, झाडू, सगळं माझ्या हाताखालून जातं. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीय. ‘बाई, कशा आहात?’ असं विचारत जो येतो, त्याला काहीतरी जास्तीचं हवं असतं. पाठीमागे सगळे मला ‘दुर्बीण’ म्हणतात. म्हणेनात का! दुर्बीण होती म्हणून हॉस्पिटलच्या उशा हॉस्पिटलातच राहिल्या.

तर आमचे माळीमामा रोज सकाळी माझ्या काउंटरच्या कोपऱ्यावर एक फूल ठेवायचे. कधी अनंताचं, कधी एक्झोऱ्याचा लाल गुच्छ, काहीच फुललेलं नसेल तर क्रोटनचं एखादं रंगीबेरंगी पान. ठेवायचे आणि जायचे. बोलणं नाही, हसणं नाही, थांबणं नाही. माझं स्टोअर म्हणजे जिन्याखालची बिनखिडकीची खोली, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. त्या दिव्याखाली ते फूल बघून मी रोज एकच विचार करायची, याला हवंय तरी काय?

पहिल्या वर्षी वाटलं, नवी बादली मागेल. नाही मागितली. मग वाटलं, रबरी नळी मागेल. तीही नाही. जुनी नळी सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून बांधून वापरत राहिले. सहा वर्षं फुलं येत होती आणि सहा वर्षं मी वाट बघत होते, की आता मागेल, मग मागेल. काहीच न मागणारा माणूस मला तर जास्तच धोक्याचा वाटतो. खाली मुंडी, पाताळधुंडी, दुसरं काय!

आमचे हे म्हणायचे, “अगं, ठेवत असेल सहज.”

“सहज कुणी काही करत नाही,” मी म्हणायची.

“मी तुझ्याशी लग्न केलं ते सहजच की.”

“त्याचाही मला अजून संशय आहे,” असं म्हणून मी डबा उचलायची आणि निघायची.

मामा होते बुटके, वाकलेले, साठीच्या पुढचे. खांद्यावर ओलं फडकं, कमरेला करवतीच्या तुटक्या पात्याची घरी केलेली सुरी. आयुष्य रोपवाटिकेत गेलं होतं, गुडघे बोलायला लागल्यावर इथे आले. त्यांची कामाची रीत मी खूप वेळा लपून पाहिलीय. कुंडीत पाणी हवंय की नको, हे ते माती बघून ठरवायचे नाहीत. कुंडीची कड धरून ती बोटभर उचलायचे, वजनावरून ओळखायचे आणि पुन्हा अलगद ठेवायचे. मग मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचे. बोट बाहेर काढून त्याचा वास घ्यायचे. मेलेलं झाड त्यांनी कधी फेकलं नाही. मागे पाण्याच्या टाकीजवळ त्यांची खोली, तिच्या भिंतीला लागून अशा सगळ्या अर्धमेल्या कुंड्यांची रांग. कंपाउंडर त्याला ‘अतिदक्षता विभाग’ म्हणायचा. तिथून महिन्या-दोन महिन्यांनी एखादं झाड हिरवंगार होऊन परत यायचं. मला वाटायचं, बदलून आणतो की काय? एकदा मी एका कुंडीच्या बुडाला खडूने खूण करून ठेवली. दीड महिन्याने तीच कुंडी आली, तेच झाड, तीच खूण. तरी माझं समाधान झालं नाही, ते सोडा.

या झाडांना आमच्याकडे मान होता. काचेच्या छपराचा लांब व्हरांडा, त्यात बावीस कुंड्या, आणि त्यांच्या समोर पट्टी सोडायची खुर्ची. मोठ्या डॉक्टरांचा दंडकच होता, ऑपरेशननंतर पट्टी सुटली की पेशंटला सगळ्यात आधी हिरवं दिसलं पाहिजे. औषधाचा फळा नको, भिंत नको, डॉक्टरांचं तोंडसुद्धा नको. हिरवं.

मागच्या वर्षी ऑपरेशनच्या खोल्यांच्या फरश्या नव्या केल्या. संगमरवराची पांढरी खडी बारा पोती उरली आणि ती आली माझ्या स्टोअरच्या दारात. टाकून देणं माझ्या रक्तात नाही. तेवढ्यात व्हरांड्यातून जाताना दिसलं, कुंड्यांच्या मातीत कापसाचे बोळे, तिकिटं, चघळून टाकलेलं काय काय! माझं डोकं चाललं. मी दोन बायका लावून बावीसही कुंड्यांवर चार-चार बोटं खडी पसरून घेतली. काय दिसलं म्हणता! पांढरीशुभ्र खडी, त्यातून वर आलेली हिरवी झाडं. मोठे डॉक्टर थांबून बघत राहिले. “बाई, हे तुमचं डोकं? वा!” एकोणीस वर्षांत मला मिळालेला तो पहिला ‘वा’.

मामा मात्र कुंडीजवळ उकिडवे बसून खडी बोटांनी चाळत होते. म्हणाले, “बाई, माती उघडी असलेली बरी. हा दगड झाडाला...”

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. “मामा, पाणी घालणं तुमचं काम. दिसणं माझ्याकडे.”

त्यांनी कान खाजवला आणि फडकं खांद्यावर टाकून गेले. दुसऱ्या दिवशी फूल होतंच.

चार महिन्यांनी झाडं पिवळी पडायला लागली. क्रोटन मेले बेशरम, त्यांना काही झालं नाही. पण अनंत आणि एक्झोरा, म्हणजे बावीसातली सोळा झाडं, शेंड्याकडून पिवळी. पान पिवळं आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी हिरव्या शाईने रेघोट्या मारल्यात. मी मामांना गाठलं. “पाणी चुकवताय का?”

“नाही बाई. पाणी चुकलं किंवा झाड उपाशी राहिलं, तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. इथे वरची कोवळी झालीत. म्हणजे ताट वाढलेलं आहे, पण तोंड शिवलंय.”

“कुणी शिवलं?”

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बघतो मी काय होतं ते.” आणि वरून म्हणाले, “एक सांगतो, पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही हो. नवीन येईल ते हिरवं येईल, एवढंच आपल्या हातात.”

आता मला सांगा, ज्याला रोग कळलाय, तो नाव का सांगत नाही? पाणी कुठेतरी मुरत होतं. मी नजर ठेवायला लागले. आठवड्याभरात सापडलं! व्हरांड्याच्या टोकाला, स्ट्रेचरच्या उतारापाशी तीन कुंड्या होत्या. त्यांच्यातली खडी कमी झाली होती. मी चार बोटं घातली होती, तिथे दोन उरली होती. खडी चोरतोय! मी काही बोलले नाही. गुपचूप पुन्हा भरली. चार दिवसांनी पुन्हा कमी. पुन्हा भरली. असं तीनदा झालं. शेवटी आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “मूठमूठ खडी नेऊन तो काय ताजमहाल बांधणार आहे का?” त्यांना हसायला काय जातंय!

आणि मग ती भानगड झाली. एक म्हातारे मास्तर होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. खुर्चीत बसवलं, नर्सने पट्टी सोडली, मास्तरांनी डोळे उघडले आणि बोंबच ठोकली. “अरे देवा, सगळं पिवळं दिसतंय! माझा डोळा घालवला यांनी!” समोर पिवळे अनंत, पिवळे एक्झोरे. नर्स समजावतेय, “आजोबा, ते झाडच पिवळं आहे,” पण मास्तर कसले ऐकतात! ओळीत बसलेले पेशंट उठून उभे राहिले. एक बाई तर ऑपरेशन न करताच पिशवी घेऊन घरी गेली. मास्तरांना नर्सची पांढरी टोपी दाखवली, मोठ्या डॉक्टरांचा पांढरा कोट दाखवला, तेव्हा कुठे शांत झाले.

त्या दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला आणि मामांना बोलावलं. “एक महिना देतो,” ते मामांना म्हणाले. “झाडं हिरवी झाली नाहीत, तर प्लास्टिकची आणून ठेवतो. मग माळीही नको आणि मागची खोलीही रिकामी लागेल.”

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मला तेव्हा दिसलं होतं, खोटं कशाला बोलू? खोली गेली असती एवढंच नव्हतं. आमच्याकडे कामावरच्या माणसाच्या घरच्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं फुकट होतात. मामींचा एक डोळा झाला होता, दुसरा पुढच्या महिन्याच्या यादीत होता, आणि यादी माझ्याच भिंतीवर टांगलेली होती. माळ्याची नोकरी गेली की ते नाव यादीतून जाणार, हे मामांना ठाऊक होतं आणि मलाही.

मला वाटलं, आता माणूस सरळ वागेल. पण दुपारी दोन ते तीन, पेशंट नसतात, व्हरांडा रिकामा असतो, त्या वेळी मामा हळूच तिकडे जाताना मला दोनदा दिसले. तिसऱ्या दिवशी मी डोळे तपासायच्या खोलीत, त्या अक्षरांच्या फळ्यामागे जाऊन उभी राहिले. माझ्या वयाला ते शोभतं का, हा प्रश्न वेगळा. मामा आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सदऱ्यातून सलाईनची बाटली काढली. आत चहाच्या रंगाचं पाणी, आणि तळाशी काहीतरी काळं काळं. त्यातलं थोडं बादलीत ओतून ढवळलं आणि टोकाच्या तीन कुंड्यांत घातलं.

मी फळ्यामागून बाहेर आले. “मामा!”

त्यांच्या हातून बाटली पडता पडता राहिली. मी ती ओढून घेतली आणि वास घेतला. आंबट! नाकातून डोळ्यांत जाणारा आंबट. तळाशी गंजलेले खिळे. मी म्हटलं, ॲसिड! बाटली तशीच घेऊन मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले, मामा मागून. आणि तिथे मी जे केलं, ते मला आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. जाता जाता मी कुंडीतली मूठभर खडी उचलली होती. ती डॉक्टरांच्या टेबलावरच्या बशीत टाकली आणि वर बाटलीतलं पाणी ओतलं. बारीक बुडबुडे आले, फेस आला, फसफसलं.

“बघा!” मी म्हणाले. “दगडाला खातंय हे. मुळांचं काय होत असेल? आपणच झाडं मारायची आणि आपणच वाचवायची, म्हणजे माळ्याची गरज संपत नाही. कुंपणच शेत खातंय, डॉक्टर!”

डॉक्टरांनी मामांना विचारलं, “काय आहे हे?”

“झाडांचं औषध आहे.”

“कुणी सांगितलं घालायला?”

“कुणी नाही.”

“मग लपून का?”

मामांनी बशीतल्या खडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. आणि काही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. सापडल्यावर वाचा बसते ती अशी.

डॉक्टरांचा राग वेगळ्याच कारणाने भडकला होता. “सलाईनच्या बाटलीत? डोळ्यांच्या हॉस्पिटलात? उद्या एखाद्या नर्सने हीच बाटली उचलून कुणाचा डोळा धुतला असता तर?” त्यात त्यांचं चूक नव्हतं. “उद्यापासून येऊ नका. खोली महिनाअखेर रिकामी करा.”

मामांनी मान डोलावली. त्यांनी कमरेची सुरी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, जणू ती हॉस्पिटलची होती. मी संध्याकाळी यादीवरचं मामींचं नाव खोडलं. एकच रेघ मारली. दुसऱ्या दिवशी काउंटरवर फूल नव्हतं, आणि मी म्हटलं, बघा, स्वार्थ संपला, फूल संपलं.

प्लास्टिकची झाडं यायला अजून वेळ होता म्हणून पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. दोन आठवडे मी नळी धरून उभी राहिले. कुंडी उचलून पाहिली, काही कळलं नाही. मातीत बोट घालायचं तर आधी खडी उकरावी लागायची, म्हणून तेही सोडलं. झाडं आणखी पिवळी झाली, काही पांढुरकी पडली. हे मला खटकलं. विष घालणारा गेला, मग झाडांनी सुधारायला नको?

आणि एके दिवशी टोकाच्या त्या तीन कुंड्यांपाशी गेले तर शेंड्याला कोवळी पानं. हिरवी. तेल लावल्यासारखी चकचकीत, हिरवीगार. ज्या तीन कुंड्यांतली खडी कमी होत होती, ज्या तीन कुंड्यांत ते आंबट पाणी पडलं होतं, त्याच तीन! बाकीची तेरा, ज्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता, ती मरायला टेकलेली.

म्हणजे विष मीच घातलं होतं की काय? पण माझा स्वभाव जाईल कुठे? मी म्हटलं, पुरावा बघू. ती बाटली मी कपाटात कुलूप लावून ठेवली होती, ती काढली आणि कंपाउंडरकडे नेली. त्याने वास घेतला आणि हसलाच. “बाई, हे व्हिनेगर आहे. पाणी घातलेलं व्हिनेगर, आणि त्यात खिळे टाकून लोह उतरवलंय. हे ॲसिड? हे तर काकडीवर घालून खातात.”

“मग दगडावर फेस कसा येतो?”

“दगड चुन्याचा आहे म्हणून येतो. संगमरवर म्हणजे चुनाच की. तो आंबटाला फसफसतो. दुसऱ्या दगडावर घाला, काही होणार नाही.” मग तोच म्हणाला, “ही खडी कुंड्यांत घातलीय ना? प्रत्येक पाण्याबरोबर चुना झिरपत असणार खाली. अनंताला चुना चालत नाही हो. मातीत लोह असूनही झाड घेऊ शकत नाही, पिवळं पडतं. आमच्या बहिणीकडे अगदी असंच झालं होतं. कुणाचं डोकं म्हणायचं हे, खडी घालायचं?”

मी बाटली उचलली आणि निघाले. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ती कशी, ते मला त्या जिन्यात कळलं. तो फेस मीच दाखवला होता. आरोपीसमोर, न्यायाधीशासमोर, बशीत ओतून. आणि तो फेस माझ्याच नावाने बोंबलत होता. तोंड शिवलंय म्हणाले होते मामा. मी विचारलं होतं, कुणी शिवलं?

घरी सांगितलं. आमचे हे यावेळी हसले नाहीत. म्हणाले, “काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळं दिसतं. आता जाऊन सांग.”

“सांगते की.”

“कधी?”

“सांगते म्हटलं ना!”

तीन दिवस मी सांगितलं नाही. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि खरं सांगू, एकोणीस वर्षांत मिळालेला तो एकुलता एक ‘वा’ परत करवत नव्हता. पहिल्या दिवशी डॉक्टर घाईत होते. दुसऱ्या दिवशी मी घाईत होते. तिसऱ्या दिवशी मी खडी काढून टाकायला बायका लावल्या आणि मनाला म्हटलं, झालं ना, चूक दुरुस्त झाली, आता सांगायलाच कशाला हवं?

चौथ्या दिवशी स्टोअरच्या दारात एक बाई उभी राहिली. हातात खोलीची किल्ली आणि घडी केलेल्या दोन हॉस्पिटलच्या चादरी. एक डोळा स्वच्छ, दुसऱ्यावर दुधासारखा पडदा. मामी. सहा वर्षांत मी त्यांना लांबूनच पाहिलं होतं.

“हे जमा करायचं होतं,” त्या म्हणाल्या. मग आत डोकावून बघायला लागल्या. छताकडे, भिंतींकडे, दिव्याकडे. “खरंच की हो. एकही खिडकी नाही.”

“म्हणजे?”

“हे सांगायचे ना. त्या बाई दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत बसतात, उजेड नाही, वारा नाही, म्हणून एक फूल ठेवून येतो म्हणायचे. मला वाटायचं, बिनखिडकीची खोली कुठे असते का!”

माझा हात चादरींवर तसाच राहिला. सहा वर्षं. बादली नाही, नळी नाही, काही नाही. खिडकी नाही म्हणून.

“मामी,” मी कसंबसं विचारलं, “त्या दिवशी ते डॉक्टरांसमोर गप्प का बसले?”

मामी जरा घुटमळल्या. “म्हणाले, बाईंनी हौसेने केलंय. मूठमूठ काढून टाकीन, कुणाला कळणार नाही, झाडंही वाचतील. सगळ्यांसमोर त्यांचं नाव कसं घ्यायचं?” मग हळूच विचारलं, “यादीतलं माझं नाव गेलं का हो? नाही, गेलं असेल तर असू दे. एका डोळ्याने दिसतं मला.”

मी उठले. मामींना माझ्या खुर्चीवर बसवलं, किल्ली त्यांच्याच पदरात टाकली आणि जिना चढून थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. आत पेशंट होता. असू दे म्हटलं. बशी मागितली, बाटली काढली, एका बाजूला संगमरवराची खडी टाकली, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचा काळा दगड. ओतलं. एक फसफसला, दुसरा ढिम्म.

“झाडं मी मारली, डॉक्टर,” मी म्हणाले. “खडी माझी. मामा वाचवत होते. माझं नाव घ्यायला नको म्हणून गप्प बसले, आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.”

डॉक्टरांनी बशी स्वतःकडे ओढून दोन्ही दगड पाहिले. मग जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पण ते सगळं माझ्या लायकीचंच होतं. त्या पेशंटनेही ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण हॉस्पिटलने. माझ्या फाइलला एक लेखी ठपका लागला. शेवटी डॉक्टर म्हणाले, “सलाईनच्या बाटलीबद्दल मात्र मी मामांना बोलणारच.” मी म्हटलं, “बोला. पण आधी बोलवा.”

मामा परत आले. टेबलावरची सुरी डॉक्टरांनी ड्रॉवरमध्ये ठेवली होती, ती कमरेला गेली. मामींचा दुसरा डोळाही झाला. पट्टी सुटली तेव्हा मी खुर्चीच्या मागे उभी होते. समोरचा अनंत अजून अर्धा पिवळा होता, शेंड्याला चार पानं हिरवी. मामी म्हणाल्या, “वरची पानं किती छान आहेत.” खालच्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मामांची मी माफी मागितली. सगळ्यांसमोर, व्हरांड्यात. ते संकोचून बाजूला बघत होते. “झालं ते झालं, बाई. खडी पूर्ण काढलीत ना? मग बरं झालं. वरची दोन बोटं मातीही बदलू.” राग नाही, टोमणा नाही. मी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला, कुठे काही लपवतायत का ते बघायला. सवय आहे, काय करू? काही सापडलं नाही. सकाळी भेटले की मान हलवतात, नळी हवी असेल तर येऊन मागतात, नवी दिली तर सही करून नेतात. पूर्वी कधी काही मागत नव्हते. आता मागतात, इतर सगळ्यांसारखं.

झाडं आता पाहण्यासारखी झालीत. पिवळी पानं एकेक करून गळाली, नवी आली ती हिरवी. पेशंट खूश, डॉक्टर खूश. एक्झोरा तर लालभडक फुललाय.

फूल मात्र नाही आलं. पहिल्या आठवड्यात म्हटलं, कामात असतील. मग म्हटलं, बहर नसेल. मग एके दिवशी स्वतः जाऊन बघून आले, अनंताला नऊ फुलं होती. विचारायला तोंड नाही. आणि कुठल्या तोंडाने विचारणार, की मामा, ज्याचा मी सहा वर्षं संशय घेतला, ते आता का देत नाही?

आमचे हे म्हणतात, “तूच एक आणून ठेव की काउंटरवर.” त्यांना कळत नाही.

सकाळी स्टोअर उघडते तेव्हा आत अंधार असतो. दिव्याचं बटण दाराजवळच आहे, पण मी ते लगेच दाबत नाही. आधी काउंटरच्या कोपऱ्यावर हात फिरवून बघते.